काटा नेमका कुठे येतो? काळजाला भिडणारं संगीत ऐकू लागलेल्यांसाठी

'ही रचना ऐकून भलेभले रडतात' असं कुणीतरी सांगतं. आपण मोठ्या उत्सुकतेनं लावतो आणि काही म्हणता काही होत नाही. अमेरिकी संगीतकार सॅम्युअल बार्बरच्या 'अडॅजिओ फॉर स्ट्रिंग्ज' या तंतुवाद्यांच्या संथ रचनेबाबत माझं हेच झालं होतं. कपड्यांना इस्त्री करता करता ऐकलं, कधी संपलं ते कळलंही नाही. 'संथ आहे' एवढंच मत झालं. दोनेक वर्षांनी एका रात्री दिवा घालवून, हातात काहीही न घेता तेच रेकॉर्डिंग लावलं. सहाव्या मिनिटाला मानेपासून मनगटापर्यंत काटा आला आणि त्यानंतर जी शांतता येते तिच्यात श्वास घ्यायचं राहून गेलं.

म्हणजे कान तेच, रेकॉर्डिंगही तेच, फरक बसण्यात होता. हे बसणं शिकता येतं. त्याला संगीताचं शिक्षण लागत नाही, सूर ओळखता यायला हवेत असंही नाही. दोन-तीन आठवडे, रोज पंधरा मिनिटं, एवढं मात्र लागतं.

आधी 'जागे'विषयी

गाणं ऐकणाऱ्यांच्या तोंडी 'जागा' हा शब्द सारखा असतो. 'काय जागा घेतली!' म्हणजे गायकानं त्या क्षणी असं काही केलं की ऐकणाऱ्याच्या पोटात कालवलं. नवखा माणूस साहजिकच या जागांच्या शोधात निघतो आणि तीस सेकंदांच्या क्लिपा ऐकत सुटतो. तिथे फसतो. जागेला धार येते ती तिच्यापर्यंतच्या वाटेमुळे. वाट कापून टाकली की हातात नुसता एक उंच सूर उरतो.

याला शरीराचाही पुरावा आहे. 2011 साली मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी लोकांना त्यांचं स्वतःचं आवडतं, काटा आणणारं संगीत ऐकवून मेंदूची तपासणी केली. डोपामीन हे आनंदाशी जोडलेलं रसायन दोन वेळा सुटताना दिसलं: एकदा तो क्षण जवळ येतोय अशी चाहूल लागताना, दुसऱ्यांदा तो क्षण आल्यावर. दोन्ही वेळा मेंदूतले भागही वेगळे. क्लिप ऐकणारा यातला पहिला हप्ता सोडूनच देतो.

काटा येणं, डोळे भरणं हा हळवेपणा वाटून संकोचणारेही भेटतात. त्यांच्यासाठी सांगतो: भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव दिले आहेत. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. म्हणजे खिळून जाणं, घाम, काटा, आवाज फुटणं, कंप, रंग उडणं, आसवं, भान हरपणं. ते नटाच्या अभिनयासंदर्भात आहेत हे खरं, पण चांगल्या गाण्यासमोर बसलेल्या श्रोत्याची यादी करायला सांगितली तरी याहून वेगळी होणार नाही. 'सात्त्विक' म्हणण्याचं कारणही असं की ते वरवर आणता येत नाहीत, आतून यावे लागतात. तेव्हा ते आले तर येऊ द्या आणि नाही आले तर ओढून आणू नका.

बसण्याची तयारी

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि बहुतेक जण इथेच घाई करतात.

हेडफोन असतील तर उत्तम, महागच हवेत असं नाही. फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर टाका. ऐकण्याच्या अ‍ॅपमध्ये जाऊन दोन गोष्टी बंद करा: एक 'ऑटोप्ले', म्हणजे रचना संपताच आपणहून दुसरं काही सुरू होणं; दुसरी 'क्रॉसफेड', म्हणजे पहिलीचा शेवट आणि दुसरीची सुरुवात एकमेकांवर चढवणं. क्रॉसफेड नाचाच्या गाण्यांना ठीक आहे. इथे मात्र शेवटचा सूर विरतानाच तो दुसऱ्या कुणाचे तरी ढोल आणून आदळतो. आणि जाहिराती येणार असतील तर रेकॉर्डिंग आधी उतरवून घ्या. एकदा मी ऐन शांततेत गादीची जाहिरात ऐकली आहे, त्यातून सावरायला आठवडा गेला.

आवाज किती ठेवायचा, हा खरा प्रश्न. अशा रचना बहुधा अगदी हळू सुरू होतात. ऐकू येत नाही म्हणून आपण आवाज वाढवतो आणि मग टिपेच्या ठिकाणी कान फाटतात, घाबरून कमी करतो, आणि नेमकी जागा हुकते. म्हणून उलटं करा. आधी रचनेच्या मध्याच्या पुढे कुठेतरी सर्वांत मोठा भाग शोधा, तिथे आवाज कानाला सोसेल असा बसवा, पुन्हा सुरुवातीला या आणि मग बटणाला हात लावू नका. सुरुवात फारच हलकी वाटली तर कान पुढे करा. तेच अपेक्षित आहे.

'पावसाच्या आवाजासह', 'झोपेसाठी', 'संथ केलेलं' अशी लेबलं लावलेली रूपं सोडून द्या. त्यांना मुळातल्या चढउतारांची कड घासून टाकायची असते आणि आपल्याला नेमकी तीच हवी असते.

पहिली रचना: एकच, आणि बिनशब्दांची

सुरुवातीला शब्द नसलेलं संगीत घ्या. शब्द असले की मन अर्थाच्या मागे जातं आणि रडू आलं तरी कवितेचं की सुराचं, ते कळत नाही. माझी शिफारस एस्टोनियाचा संगीतकार आर्वो पेर्टच्या 1978 सालच्या 'श्पीगेल इम श्पीगेल'ची आहे. नावाचा अर्थ 'आरशात आरसा'. पियानो आणि व्हायोलिन, एवढंच. पियानो तीन-तीन सुरांची पाळण्यासारखी ये-जा करत राहतो. व्हायोलिन एका मुक्कामाच्या सुराकडे परत येत राहतं, कधी खालून चढत, कधी वरून उतरत. दर थोड्या वेळानं वाट एका सुरानं लांबते. पहिल्यांदा एका पावलावरून घरी यायचं, मग दोन, मग तीन. बस्स. यापलीकडे त्या रचनेत काही 'घडत' नाही. पण सातव्या-आठव्या मिनिटाला, लांबून निघालेलं व्हायोलिन एकेक पायरी करत त्या सुरावर टेकतं तेव्हा गळा का दाटतो, हे शब्दांत सांगता येणार नाही.

तीन दिवस हीच ऐका. पहिल्या दिवशी काहीच करू नका. दुसऱ्या दिवशी मुक्कामाचा सूर ओठ मिटून गुणगुणत राहा आणि व्हायोलिन त्याच्यापासून किती लांब गेलंय ते पाहा. तिसऱ्या दिवशी पुन्हा गप्प. एक वही जवळ असू द्या आणि तिच्यात विशेषणं लिहायची नाहीत, असा नियम करा. 'अप्रतिम', 'दिव्य' याचा उपयोग शून्य. लिहायचं ते असं: मिनिट किती, शरीरात कुठे, आणि त्या क्षणी संगीतात काय बदललं. 'पाचवं मिनिट, मानेमागे, खालचा जाड सूर आला.' अशा दहा नोंदी झाल्या की तुमचं शरीर कशाला बधतं हे तुमचं तुम्हालाच दिसेल. कुणाला एकाएकी येणारा मोठा आवाज भिडतो, कुणाला एकट्या वाद्यात मागून सगळे मिसळतात ती वेळ, कुणाला सूर अपेक्षेपेक्षा जरा उशिरा जागेवर बसतो ते.

बार्बर: चढ, टोक आणि नंतरची पोकळी

आता 'अडॅजिओ'. 1936 साली बार्बरनं चार वाद्यांसाठी एक क्वार्टेट लिहिलं, त्यातला हा मधला भाग. पुढे त्यानं तो मोठ्या तंतुवाद्यवृंदासाठी मांडला आणि 1938 साली वाद्यवृंद-संचालक आर्तुरो तोस्कानिनीनं न्यूयॉर्कहून रेडिओवर तो सादर केला. 1945 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट गेल्याची बातमी आली तेव्हाही अमेरिकी रेडिओवर हीच रचना वाजली. तेव्हापासून ती शोकाशी जी जोडली गेली ती गेलीच.

पहिल्यांदा एकटा एक सूर येतो, मग त्याच्याखाली बाकीची वाद्यं पाय टेकतात. धून शेजारच्या सुरावरून शेजारच्या सुरावर चालते, उडी जवळजवळ नाहीच. अंधारात कठडा धरून जिना चढावा तशी. तुमचं काम एवढंच की धून कुणाच्या हातात आहे हे धरून ठेवायचं. आधी व्हायोलिनकडे, मग जरा जाड आवाजाच्या व्हायोलाकडे, मग त्याहूनही जाड, खर्जातल्या चेलोकडे. चेलो तिला वर नेऊ लागला की तयार व्हा. आठ मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये पाचव्या-सहाव्या मिनिटाच्या आसपास सगळी वाद्यं आपापल्या वरच्या टोकाला पोचतात, तिथे लांबच लांब सूर ओढत राहतात, आणि एकदम थांबतात.

ही शांतता मोजू नका, भरूही नका. तिच्यात काटा येतो. नंतर अगदी दबक्या आवाजात काही स्वरसमूह येतात, सुरुवातीची धून परत येते, पण आता ती थकलेली असते. शेवटही 'सा'वर टेकत नाही. रचना जिथे थांबते तो मुक्काम नव्हे, नुसता थांबा आहे. कान पुढच्या सुराची वाट बघत राहतो.

दोन-तीनदा ऐकून झाल्यावर क्वार्टेटचं मूळ रूप ऐका आणि बार्बरनंच 1967 साली गायकवृंदासाठी केलेलं 'आग्नुस देई'सुद्धा. चारच वाद्यं असली की तोच चढ जास्त उघडा, जास्त एकाकी वाटतो. मला तो अधिक आवडतो, पण हे मत कुणी मानत नाही.

पाय कुठे आहेत ते ऐका

आपण स्वभावतः वरची धून ऐकतो. खालचा सूर आपल्याला नकळत ओढत असतो. तो ऐकायला शिकायचं तर इंग्लिश संगीतकार हेन्री पर्सेलच्या 'डायडो अँड एनियस' या सतराव्या शतकातल्या ऑपेरातलं नायिका डायडोचं शेवटचं गाणं घ्या, चारेक मिनिटांचं. गायिकेचा आवाज येण्याआधी खालची वाद्यं एकटी उतरताना ऐकू येतात. आपल्या सुरांत सांगायचं तर सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. एकही पायरी न गाळता खाली. ही उतरण गाणं संपेपर्यंत पुन्हा पुन्हा येते.

गंमत पुढे आहे. गायिकेच्या ओळी या उतरणीशी जुळवून घेत नाहीत. खालचं आवर्तन संपून नवं सुरू झालं तरी तिचं वाक्य अर्ध्यात असतं. तबल्याची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येऊन गेली आणि गायक बोल तसाच पुढे घेऊन गेला, की जी ओढाताण जाणवते तीच. 'मला आठव' या अर्थाचे शब्द ती पहिल्यांदा त्याच त्या एका सुरावर, पंचमावर, म्हणत राहते. खाली जमीन सरकतेय आणि ही एका सुराला धरून उभी आहे. मग तेच शब्द घेऊन ती वरच्या 'सा'कडे झेपावते. ती गप्प झाल्यावरही वाद्यं काही वेळ उतरतच राहतात. तिथे बंद करू नका.

टाळलेला सा

हिंदुस्थानी रागसंगीतात नवखा माणूस लांबीला घाबरतो. त्याला मी मारवा हा राग देतो, तोही उस्ताद अमीर खाँ यांचा, विलंबित म्हणजे संथ लयीतला. पहिली दहा मिनिटं पुरेत.

आधी नुसता तानपुरा ऐका. चार तारांपैकी मधल्या दोन, म्हणजे जोड, आणि शेवटची खर्जाची, अशा तीन तारा सा सांगतात. पहिली तार एरवी पंचमाची असते, मारव्यात पंचम वर्ज्य, म्हणजे प घेतच नाहीत, म्हणून ती बहुधा निषादाला (नी) लावतात. तो सा पकडा आणि ओठ मिटून धरून ठेवा.

आता गायकाकडे लक्ष द्या. तो कोमल रिषभावर, म्हणजे सा'च्या लगेच वरच्या रे'वर, येऊन थांबतो. सा अगदी हाताच्या अंतरावर आहे, कान म्हणतो 'आता ये', आणि तो येत नाही. धैवताकडे (ध) जातो, निषादाला स्पर्श करतो, तिथून थेट पुन्हा रिषभ. घरासमोरून दोनदा जाऊन दार न वाजवणाऱ्या माणसासारखा. तुम्ही सा गुणगुणत असल्यामुळे हा रिषभ तुमच्या स्वतःच्या आवाजावर घासतो, नुसतं ऐकून जे दहा दिवसांत कळलं नसतं ते दहा मिनिटांत छातीत जाणवतं. मारव्याला सायंकाळची हुरहूर का म्हणतात, याचं उत्तर मला तरी या टाळण्यातच सापडलं. अखेर सा लागतो तेव्हा दाद द्यायचीही शुद्ध राहत नाही.

वेळ कमी असेल त्या दिवशी केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहां हो', साडेतीन मिनिटांच्या आसपास. 1977 साली व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर पाठवलेल्या तबकडीवर ती आहे. त्याच तबकडीवर अमेरिकी गायक-गिटारवादक ब्लाइंड विली जॉन्सनचं 1927 मधलं 'डार्क वॉज द नाइट' आहे: गिटारच्या तारेवरची घसरण आणि शब्दांविना कण्हणं. दोन्ही लागोपाठ ऐका. त्या घसरणीत आणि आपल्या मींडेत, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाण्यात, किती अंतर आहे ते तुम्हीच ठरवा.

गोष्ट नंतर

रचनेमागची करुण कथा आधी वाचू नका (मी वर बार्बरची सांगून टाकली, तेवढं माफ करा). कथा आधी कळली की आपण रडायला तयार होऊनच बसतो. पोलिश संगीतकार हेन्रिक गुरेत्स्कीची 1976 ची तिसरी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, घ्या. तिचा दुसरा भाग आधी नुसता ऐका, मग वाचा की त्यातले शब्द गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, कोठडीच्या भिंतीवर अठरा वर्षांच्या एका कैदी मुलीनं कोरले होते, आईला रडू नकोस असं सांगणारे. मग पुन्हा ऐका. दोन ऐकण्यांतला फरक म्हणजे कथेचा वाटा, उरलेला सुरांचा.

कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांबाबतही हेच. ती तुटक, झटक्यानं येणारी स्वरवाक्यं आधी ऐका. क्षयानं एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालेला माणूस गातोय, हे नंतर कळू द्या.

आणि कथा खोटीही निघते. 'अल्बिनोनीचा अडॅजिओ' म्हणून जगभर ओळखली जाणारी रचना 1958 मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती प्रत्यक्षात रेमो जाझोट्टो या विसाव्या शतकातल्या संगीत-अभ्यासकाची आहे. अठराव्या शतकातला अल्बिनोनी समजून ज्यांनी डोळे पुसले त्यांचे डोळे काही कोरडे नव्हते.

काहीच झालं नाही, किंवा फार झालं

पाच-सहा वेळा ऐकूनही दगड, तर ती रचना सोडा आणि दुसरी घ्या. कलाकार बदलून पाहा. संथ रचनेत मिनिट-दीड मिनिटाचा फरक सहज पडतो आणि तेवढ्यानं सगळं पालटतं. काही थोडी माणसं अशीही असतात की ज्यांना कुठल्याच संगीतातून आनंद मिळत नाही. ऐकू नीट येतं, बाकीच्या गोष्टींचा आनंदही होतो, फक्त हे दार बंद असतं. तसं असेल तर त्यात कमीपणा नाही.

उलट, नुकतंच कुणी गेलं असेल किंवा मन आधीच खचलेलं असेल तर हा उद्योग एकट्यानं, रात्री करू नका. मध्येच बंद करायला लाज कसली? आणि रडवणारं ऐकून लगेच कामाच्या बैठकीला जाणं टाळा, हा अनुभवाचा सल्ला.

एक सूचना कळकळीची. एखादी रचना भिडली की ती दिवसातून चारदा लावावीशी वाटते. तसं केल्यास महिन्याभरात ती गुळगुळीत होते. मी एक आवडतं व्हायोलिन असंच गजराला लावून संपवलं. आता ते ऐकलं की फक्त दात घासायचे आठवतात.

पुढचा महिना

बाखचं एकट्या व्हायोलिनसाठीचं 'शाकॉन', साधारण चौदा-पंधरा मिनिटं. अर्ध्याच्या पुढे कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार येतो आणि खोलीत कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं होतं. ती खिडकी पुढे पुन्हा बंद होते, त्याची वाट पाहत ऐका.

मग रशियन संगीतकार चायकॉव्स्कीच्या सहाव्या सिंफनीचा शेवटचा भाग. 1893 च्या ऑक्टोबरात तिचा पहिला प्रयोग झाला आणि नवव्या दिवशी तो गेला. (पुन्हा गोष्ट आधी सांगितली.) सुरुवातीलाच जी खाली कोसळणारी धून कानावर येते ती वाद्यवृंदात कुणीच वाजवत नसतं. पहिल्या आणि दुसऱ्या व्हायोलिन-गटांनी तिचे सूर आलटून पालटून वाटून घेतलेले असतात, एकेकट्यांचं ऐकलं तर वेड्यावाकड्या उड्या. धून जुळते ती ऐकणाऱ्याच्या कानात. दोन्ही गट समोरासमोर बसवलेलं रेकॉर्डिंग मिळालं तर हेडफोनवर ती डाव्या-उजव्या कानात फिरताना कळते.

शेवटी चेलो आणि डबल बेस तेवढे उरतात आणि तेही विझत जातात. आवाज वाढवायला हात बटणाकडे जाईल. जाऊ देऊ नका.